स्नेल राउंडहँड: पत्रिकेवरच्या लफ्फेदार अक्षराची पार्श्वभूमी

इंग्रजी लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीची नावं ज्या तिरक्या, लफ्फेदार अक्षरात असतात ना, त्या घराण्यातला माझा सगळ्यात आवडता फॉन्ट म्हणजे स्नेल राउंडहँड. मॅक वापरत असाल तर तुमच्याकडे तो आधीपासूनच असेल, उघडून बघा. वळण मूळचं लंडनचं. चार्ल्स स्नेल हा तिथला लेखन शिकवणारा मास्तर, १७३३ मध्ये वारला. तेव्हा व्यापार वाढत होता, पेढ्यांना भरभर आणि सुवाच्य लिहिणारे कारकून हवे होते, आणि त्यांनी गिरवावेत म्हणून हे मास्तर लोक कित्ते काढायचे.

हे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, म्हणून या शैलीला कॉपरप्लेट नाव पडलं. आता यात एक गंमत बघा, आपल्या बोरूला तिरका काप असतो, त्यामुळे रेघ जाड की बारीक हे बोरू कोणत्या कोनात धरलाय त्यावर ठरतं, पण या मास्तरांची पिसाची लेखणी टोकदार, खाली येताना दाब दिला की टोक फाकतं आणि रेघ जाड होते, वर जाताना हात सैल सोडला की केसासारखी बारीक. बोरूवर बसलेल्या हाताला हे चटकन जमत नाही.

स्नेलचा हट्ट होता की अक्षराला मोजून-मापून नियम हवेत, १७१४ मध्ये त्याने तसे नियम छापलेसुद्धा, आणि त्यावरून जॉन क्लार्क या दुसऱ्या मास्तराशी त्याचं चांगलंच वाजलं.

पुढे छपाईसाठी या अक्षराचे धातूचे खिळे पाडायचे म्हटलं तर पंचाईत, कारण खिळा चौकोनी आणि अक्षर तिरकं, शेपटी खिळ्याच्या बाहेर लोंबते आणि छापताना तुटते. फ्रान्समध्ये फर्मिन दिदो या खिळे पाडणाऱ्याने तर यासाठी तिरक्या अंगाचे खिळे ओतले. खरी सुटका झाली फोटोटाइपसेटिंग आल्यावर, अक्षर फिल्मवर गेलं, मग धातूची कड आड येणार कुठून? १९६६ च्या सुमारास मॅथ्यू कार्टरने (जॉर्जिया आणि व्हर्डाना हे फॉन्ट करणारा तोच) लिनोटाइप या छपाईची यंत्रं आणि फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीसाठी स्नेलच्या वळणावरून हा फॉन्ट केला. प्रत्येक अक्षराची जोडरेघ ठरलेल्या उंचीवरच सुटली पाहिजे, नाहीतर शब्द सांधत नाही, आणि तिथे स्नेलची ती शिस्त अडीचशे वर्षांनी कामी आली. आपल्या शिरोरेषेचंही तसंच की, जरा वरखाली झाली की शब्द लगेच मोडलेला दिसतो. कार्टरने पुढे लिनोटाइपसाठी देवनागरीवरही काम केलं.

वापरायचा तर नावं, प्रमाणपत्रं, अत्तराची किंवा वाइनची लेबलं, एक-दोन ओळी बास. सगळी कॅपिटल्स कृपया नकोत, त्यांचे लफ्फे एकमेकांत अडकतात आणि नाव वाचता येत नाही. अक्षरांमधलं स्पेसिंगही वाढवू नका, जोडरेघा तुटून मधे बारीक फटी दिसतात. आणि पत्ता-मुहूर्त साध्या फॉन्टमध्येच टाका, बारीक साइझला त्या केसासारख्या रेघा छपाईत चक्क गायब होतात.