पानावर उरलेल्या विषाचे दिवस

तपकिरी तुडतुडा ही भाताचा रस शोषणारी कीड; तिची मादी भाताच्या पर्णकोशात, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या खालच्या भागात, चीर पाडून आत अंडी घालते. ती अंडी हुडकायला येणारी अ‍ॅनाग्रस ही परोपजीवी गांधीलमाशी मिलिमीटरभरही नसते. मिशांनी पान चाचपत ती चुडावर पायी हिंडते आणि अंडं सापडलं की त्यात आपलं अंडं सोडते. फवारा वाळला, शेतकरी घरी गेला, तरी तिचं चालणं त्याच विषावरून.

पानावर उरलेलं ते विष तिला किती दिवस मारत राहतं? हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नाही. १९६६ मध्ये आयआर-८ हे भाताचं भरघोस उत्पादन देणारं वाण आलं, पाठोपाठ युरिया आणि कीटकनाशकं आली. सत्तरच्या दशकात तुडतुडे उसळले. फिलिपिन्स, इंडोनेशिया, अगदी केरळातही. गंमत अशी, की जिथे फवारे जास्त तिथेच तुडतुडे जास्त. कीटकशास्त्रज्ञ पीटर केनमोर यांनी फिलिपिन्समधल्या भातशेतीत यामागचं कारण दाखवून दिलं: फवाऱ्याने तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक मरतात, पर्णकोशात दडलेली अंडी मात्र वाचतात. पुढची पिढी बाहेर येते तेव्हा तिला अडवणारं कुणी उरलेलं नसतं. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून.

पण ‘मारतं’ एवढ्याने भागत नाही; किती दिवस मारतं, हे कळायला हवं. १९७४ मध्ये जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कीटकनाशकं आणि मित्रकीटकांवर एक कार्यगट नेमला. त्या परंपरेत अवशेषांची प्रतवारी ठरली: पाच दिवसांच्या आत ओसरणारं अल्पकाळ टिकणारं, तीस दिवसांपुढे मारणारं दीर्घकाळ टिकणारं, मधे दोन पायऱ्या. चाचणी तशी साधीच. फवारलेल्या रोपांची पानं ठरावीक दिवसांच्या अंतराने खुडायची, प्रत्येक वेळी ताज्या गांधीलमाश्या त्यांवर सोडायच्या आणि मेलेल्या मोजायच्या. किचकट आहे ते मोजणं. एवढासा जीव मेलाय की नुसता निपचित पडलाय, ते भिंगाखाली पाहावं लागतं.

पाच दिवस म्हणजे ‘अल्पकाळ’, हे माणसाच्या हिशेबाने. अ‍ॅनाग्रसची प्रौढ माशी जगते जेमतेम काही दिवस. अंड्याच्या आत वाढणाऱ्या तिच्या पिल्लांना कवचाचा थोडा आडोसा असतो, पण बाहेर पडायचं तर अंड्याला आणि पर्णकोशाला भोक पाडूनच, आणि मग पाय पडतो तो थेट फवारलेल्या पानावर.