देवाला हाडं, माणसाला मांस: ग्रीक वेदीवरची राख काय सांगते

हेसिअड या ग्रीक कवीनं इ.स.पू. 700 च्या सुमारास एका वाटणीची गोष्ट सांगितली आहे. मेकोनी इथं देव आणि माणसं जमली होती. माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमिथियस या टायटननं एक मोठा बैल कापला आणि त्याचे दोन वाटे केले. एका वाट्यात सगळं मांस, पण ते कातड्यात बांधून वर वजडी पसरलेली. दुसऱ्या वाट्यात नुसती हाडं, त्यांच्यावर मात्र चरबीचं लखलखीत पांघरूण. देवांचा राजा झ्यूस याला म्हणाला, हवा तो वाटा घे. झ्यूसनं चरबीचा उचलला. डाव त्याच्या ध्यानात आला होता, असं हेसिअड आवर्जून सांगतो. तेव्हापासून माणसं देवांसाठी वेदीवर पांढरी हाडं जाळतात. चिडलेल्या झ्यूसनं माणसांपासून अग्नी लपवला, प्रोमिथियसनं तो एका झाडाच्या पोकळ दांड्यात घालून चोरला, आणि पुढे पँडोरा या पहिल्या स्त्रीची कथा सुरू होते.

अग्नीची चोरी बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीची वाटणी मात्र कुणी फारशी सांगत नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. कारण तिची शहानिशा करता येते. पुराणकथेत देवाला कोणता वाटा मिळाला ते लिहिलंय, आणि प्रत्यक्षात कोणता मिळाला ते वेदीच्या राखेत पुरलेलं आहे.

प्राचीन ग्रीकांचा धर्म समजून घ्यायचा तर देवळापेक्षा वेदीकडे बघायला हवं. देऊळ म्हणजे मूर्तीचं घर. पूजेचा मुख्य विधी, म्हणजे पशुबळी, देवळाबाहेर उघड्यावरच्या वेदीवर व्हायचा. त्यांच्याकडे सर्वांना बांधून ठेवणारा धर्मग्रंथ नव्हता, की अमुक मान्य करा अशी प्रतिज्ञा नव्हती. गावानं मिळून काय केलं, याला महत्त्व होतं.

होमरच्या काव्यात हा विधी इतका बारकाईनं येतो, की जणू कृतीच लिहून ठेवलीय. हात धुवायचे, जवाचे दाणे टाकायचे, प्रार्थना करायची. जनावराच्या कपाळावरचे केस कापून आगीत टाकायचे. घाव पडताच बायका उंच स्वरात आरोळी देतात. मग मांड्या (म्हणजे मांडीची हाडं) सोडवायच्या, त्या चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळायच्या, वर कच्च्या मांसाचे तुकडे ठेवायचे आणि लाकडांवर जाळायच्या. जाळताना वरून मद्य ओतायचं. मांड्या जळून गेल्या की काळीज, कलेजी वगैरे सळ्यांवर भाजून आधी चाखायचं. उरलेल्या मांसाचे तुकडे करून भाजायचे आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. यातली चरबी म्हणजे आतड्यांवर पसरलेली पातळ जाळी. आपल्या वैदिक पशुयागात जिला वपा म्हणतात आणि जिची अग्नीत आहुती देतात, तीच ही.

आता हाडांकडे वळू. प्राण्यांच्या हाडांवरून जुना काळ वाचणारे पुरातत्त्वज्ञ वेदीजवळची माती चाळतात आणि नखाएवढे तुकडेही वेगळे करतात. जळलेल्या हाडाचा रंग बरंच काही सांगतो. साधारण 300 ते 400 अंश सेल्सिअसला हाड काळं पडतं, कारण आतला सेंद्रिय भाग कोळसा होतो. त्याहून जास्त तापलं की करडं, निळसर होतं. 650-700 अंशांच्या पुढे कोळसाही जळून जातो आणि खडूसारखं पांढरं, ठिसूळ खनिज तेवढं उरतं. जेवणासाठी भाजलेल्या मांसातलं हाड या थराला जात नाही. ते आतून कच्चंच राहतं, फार तर टोकाशी काळवंडतं. म्हणून पांढरी फटक हाडं ढिगानं सापडली, की ती मुद्दाम जाळून संपवायला आगीत घातली होती, असा अंदाज बांधता येतो.

अनेक ग्रीक वेद्यांच्या राखेत सापडणारी अशी हाडं शरीरातल्या ठरावीक जागांचीच असतात: मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी आणि शेपटीचे मणके, बहुतेक शेळ्यामेंढ्यांचे. फासळ्या, खांदे, पुढचे पाय फारसे दिसत नाहीत, कारण ते जेवणाऱ्यांच्या वाट्याला गेले. म्हणजे हेसिअड आणि होमर उगाच काही रचून सांगत नव्हते.

शेपटीची गोष्ट मला विशेष आवडते. अ‍ॅथेन्सच्या मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत वेदीवर जाळ दिसतो आणि त्यातून वर वळलेली, कमानीसारखी एक वस्तू डोकावते. ती बळीच्या जनावराची शेपटी. इ.स.पू. 421 मध्ये रंगमंचावर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनिसच्या एका प्रहसनात बळी देणारा माणूस शेपटी छान वळतेय असं म्हणतो, म्हणजे शकुन चांगला झाला. संशोधकांनी खऱ्या शेपट्या आगीवर ठेवून पाहिल्या. त्या खरोखरच वर उचलल्या जातात आणि वळतात. मांस आणि स्नायुबंधांतलं कोलॅजन हे प्रथिन तापलं की आखडतं, आणि ते आखडताना मणक्यांची साखळी ओढली जाते. देवानं बळी स्वीकारला याची खूण जमलेल्या प्रत्येकाला लांबूनही दिसत होती, आणि ती बहुतेक वेळा अनुकूलच मिळत असणार.

देवाला टाकाऊ वाटा मिळाला, हा समजही इथं थोडा ढिला पडतो. ग्रीकांनाही तो खुपत होता; लोक देवांना न खाण्याजोगं तेवढं देतात आणि बाकीचं स्वतः फस्त करतात, अशी तक्रार मिनँडरच्या नाटकातलं एक पात्र इ.स.पू. 316 मध्ये करतं. पण मांडीचं हाड म्हणजे सर्वांत मोठी नळी, आत मगज भरलेला. ती न फोडता आगीत घालणं म्हणजे हातचा पौष्टिक घास सोडणं. शिवाय चरबीत गुंडाळलेलं हाड नुसत्या हाडापेक्षा कितीतरी जोरात पेटतं, उंच ज्वाळा आणि दाट, वासाचा धूर देतं. देव वर राहतात, त्यांना जेवणाचा वास पोचतो, ही कल्पना मानणाऱ्यांना यापेक्षा चांगला नैवेद्य सापडला नसता.

हा प्रकार किती जुना? ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलॉस इथं कांस्ययुगातला एक राजवाडा आहे, इ.स.पू. 1200 च्या सुमारास आगीत नष्ट झालेला. पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी तो खणला. तिथल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये उलगडली, तेव्हा त्यांवर झ्यूस, हेरा, पॉसायडन ही ओळखीची नावं निघाली. खोदकामात साठवून ठेवलेली हाडं संशोधकांनी पुढे पुन्हा तपासली आणि 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. जळलेल्या हाडांचे काही गठ्ठे जवळपास निव्वळ गुरांचे होते, आणि त्यांत खालचा जबडा, पुढच्या पायाचं वरचं हाड आणि मांडीचं हाड एवढेच भाग होते. हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, म्हणजे मांस आधी सोलून काढलं आणि मग हाडं जाळली. एका बैलाच्या मांसात शेकडो माणसं जेवतात. इथं तर एकेका गठ्ठ्यात अनेक गुरं आहेत. हा राजाच्या अंगणातला मोठा जेवणावळीचा प्रसंग होता.

म्हणजे देवांसाठी हाडं जाळण्याची रीत हेसिअडच्या किमान पाचशे वर्षं आधीची. तेव्हा जबडाही जाळत होते. पुढच्या काळात मांडी आणि शेपूट उरली. रीत बदलत गेली, टिकली, आणि आपण असं का करतो हा प्रश्न कुणाला तरी पडला. माझ्या मते प्रोमिथियसची गोष्ट त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नंतर रचली गेली. विधीला जन्म देणारी ती नव्हे.

दंतकथेला हाडांचा दुजोरा दर वेळी मिळतोच असं नाही. ग्रीसच्या आर्केडिया प्रांतात लिकाइऑन पर्वताच्या शिखरावर, सुमारे 1,400 मीटर उंचीवर, झ्यूसची राखेची वेदी आहे. तिथं जनावरांच्या आतड्यांत माणसाचं मांस मिसळतात आणि ते ज्याच्या तोंडी जाईल तो लांडगा होतो, असं तत्त्वज्ञ प्लेटोच्या काळी, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात, बोललं जाई. उत्खननात मांड्या, गुडघ्याच्या वाट्या आणि शेपट्यांचे जळके तुकडे ढिगानं मिळाले, जवळजवळ सगळे शेळ्यामेंढ्यांचे. त्यांत माणसाचं हाड आढळलं नव्हतं. मग 2016 मध्ये त्याच राखेत एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा सापडला, इ.स.पू. अकराव्या शतकातला. जगभर नरबळीचे मथळे झळकले. पण हा सांगाडा दगडांच्या दोन रांगांमध्ये नीट आडवा ठेवलेला होता, कवटीचा वरचा भाग नव्हता आणि बाजूला मांड्या जळत होत्या तसा तो जाळलेला नव्हता. वेदीवर दफन करणं ग्रीकांकडे अत्यंत दुर्मीळ, त्यामुळे हा मुलगा तिथं का पुरला हे कोडं खरंच आहे. मात्र मांडीचं हाड चरबीत गुंडाळून देवाला धूर पोचवण्याच्या विधीशी त्याचं काही जुळत नाही, आणि लांडग्याच्या कथेला तर या पुराव्यावरून अजिबात आधार मिळत नाही.