रंगभवन ते मिल कंपाउंड: मुंबईच्या रॉक बँडला क्लबात कोणी आणलं?

स्वतःची गाणी वाजवणारा मुंबईचा बँड आज पाऊण तासाचा सेट (सलग वाजवायच्या गाण्यांचा क्रम) घेऊन क्लबात उभा राहतो, यामागे शहरातल्या जागांचा इतिहास आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत बँड हॉटेलांत वाजवत, तेही बहुधा परदेशी गाणी. 1970 आणि 1971 च्या सिमला बीट या बँडांच्या स्पर्धांच्या रेकॉर्डी निघाल्या, म्हणून त्या पिढीचा आवाज थोडा तरी हाती उरला. 1984 मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीन या मुंबईच्या बँडने 1988 साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. हाच बँड पुढे इंडस क्रीड झाला. तोवर धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरू लागला होता. खुलं नाट्यगृह, जवळ चर्चगेट आणि सीएसटी, त्यामुळे उपनगरातली पोरंही लोकलने यायची.

रंगभवन गेलं ते आवाजाच्या कायद्यात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथली मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. पन्नास डेसिबल म्हणजे घरातलं हलकं बोलणं. ड्रमसेट माइकशिवायही शंभरी गाठतो. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही होतं आणि रुग्णालयंही. शेजाऱ्यांचा त्रास खरा होता, पण बदल्यात तशी जागा शहराने दिली नाही, ही खंत रास्तच आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, बंदिस्त जागेला मात्र सूट. साहजिकच बँड छपराखाली गेले.

जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरस हे त्यातलं एक छप्पर. दुसरं गिरणगावात उभं राहिलं. 1982 च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनी नव्या वापराला खुल्या झाल्या आणि 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब सुरू झाला. ध्वनीचा विचार करून बांधलेली ही जागा स्वतंत्र संगीताला तिकीट लावत असे. 2016 मध्ये तीही बंद झाली.

क्लबातल्या कामाची रीत या आटोपशीर जागांनी घडवली. एका रात्री दोन-तीन बँड असले की साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा आधी, पहिला वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याचं सामान स्टेजवर तसंच राहतं. ड्रमसेट सामाईक; स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम), झांजा आणि किक पेडल ज्याचं त्याने आणायचं. लोकलमधून अँप नेणं अवघड, म्हणून बरेच गिटारवाले प्रोसेसरच (गिटारचा आवाज घडवणारं छोटं यंत्र) डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डबीतून, मिक्सरला जोडतात. इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी, आधी पाठवलेली बरी. नाहीतर केबल शोधण्यात बँडबदलीची पंधरा मिनिटं जातात. छत बुटकं असेल तर झांजांचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून मॉनिटर (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवला की माइक शिट्टी मारतो. तेव्हा आधी गिटार खाली आणावी, ड्रमरने हात हलका ठेवावा आणि मगच मॉनिटरकडे वळावं.

सर्वांत जपायची गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा अँपमार्गे एका अर्थिंगला आणि माइक मिक्सरमार्गे दुसऱ्या अर्थिंगला असेल, दोन्हींत व्होल्टेजचा फरक असेल, तर ओठ माइकला लागताच झटका बसतो. घूं आवाज घालवायला काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. त्याने आवाज जातो, पण वाजवणाऱ्याचं संरक्षणही जातं. सगळी यंत्रं एकाच अर्थिंगच्या पॉइंटवरून घ्यावीत, आणि वाजवण्याआधी टेस्टरने माइकची जाळी तपासावी. टेस्टरचा दिवा लागला, तर वायरमन येईपर्यंत गिटार हातात घेऊ नये.