पत्रावळ शिकायची शेवटून

नवेगाव बांधजवळच्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात एक माय मला म्हणाली, "त्याले काई सांगू नका जी. सांगतलं का इसरते." मुलगा सव्वीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. ओसरीवर बसून पळसाचं पान उलटसुलट करत होता. शेजारी आजी भराभर पत्रावळी लावत होती.

मायनं पाहिलं होतं ते खरंच होतं. पण "म्हणून तो काही शिकणार नाही" हा तिचा समज चुकीचा होता, आणि तो गावोगाव ऐकू येतो.

डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. 1959 साली हे उघड झालं. कानावर पडलेलं वाक्य मेंदूत जेमतेम काही सेकंद टिकतं आणि मनातल्या मनात घोळवून आपण ते धरून ठेवतो. या मंडळींची नेमकी ही ऐकीव, तात्पुरती स्मृती जास्त दुबळी असते. डोळ्यांनी पाहिलेलं त्या मानानं बरं टिकतं. "पान पूस, देठ खुड, मग दुसरं पान जोड" असं एका दमात सांगितलं की पहिलंच वाक्य निसटतं. त्याच्यापुढे बोलून उपयोग नाही, करून दाखवायला हवं.

पण नुसतं दाखवूनही भागत नाही. पत्रावळीची नऊ पावलं मोजा: पान पुसणं, देठ खुडणं, पहिलं पान मांडणं, दुसरं त्यावर अर्धं चढवणं, काडी टोचणं, तिचं टोक वर काढणं, उरलेली काडी मोडणं, पत्रावळ फिरवून पुढचं पान घेणं, गोल पुरा झाला की गठ्ठ्यावर ठेवून तळव्यानं दाबणं. समजा, प्रत्येक पाऊल तो 100 पैकी 80 वेळा बरोबर करतो. म्हणजे चांगलंच जमतं की! पण प्रत्येक पाऊल एकेकदाच धरलं, तरी नऊच्या नऊ बरोबर येण्याची शक्यता 0.8 चा नववा घात, म्हणजे साधारण 0.13. शंभरातल्या तेराच पत्रावळी धड. घरच्यांना दिसतात त्या फसलेल्या सत्त्याऐंशी. आता प्रत्येक पाऊल 95 वर न्या, तेराच्या त्रेसष्ट होतात. 99 वर न्या, एक्क्याण्णव. माणूस तोच, फक्त एकेक कडी घट्ट झालेली. हे गणित मला फार आवडतं, कारण "याला जमत नाही" या वाक्यातली सगळी हवा ते काढून घेतं.

कडी घट्ट करायची ती शेवटून. पहिल्या दिवशी आजीनं आठ पावलं स्वतः करायची, त्यानं फक्त पत्रावळ गठ्ठ्यावर ठेवून दाबायची. काम त्याच्या हातून पुरं होतं, शाबासकी तिथंच मिळते. ते पक्कं झालं की शेवटची दोन पावलं त्याची, मग तीन. सुरुवातीपासून शिकवलं तर माणूस जमलेल्या पावलाकडून न जमणाऱ्याकडे जातो आणि तिथंच अडतो. शेवटून शिकवलं तर नवं पाऊल टाकलं की पुढची वाट रोजच्या ओळखीची. मदतही पायरीपायरीनं काढायची: आधी हातावर हात, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणं, मग गप्प बसून वाट पाहणं. गप्प बसणं घरच्यांना सगळ्यात जड जातं.

कामाचे असे तुकडे पाडून शिकवणं हे काही माझं डोकं नाही. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी 1970 च्या दशकात तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना 15 भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. भागाची कोणती बाजू वर ठेवायची ते कळावं म्हणून त्यांनी तीवर रंग लावला होता. मोजणीलाही असाच उपाय आहे. दहा खणांचा खोका करा. सगळे खण भरले की दहा झाले, आकडे यावेच लागत नाहीत. बाजारात 34 रुपये मागितले तर दहाच्या तीन नोटा "तीस"साठी आणि वर एक. सुटे परत घ्यायचे. बेरीज-वजाबाकी येईपर्यंत थांबायची गरज नाही.

ज्या गावात पोराला काम देत नाहीत, तिथंच काही जण त्याच्या तोंडून मटक्याचा आकडा काढायला येतात, "देवमाणूस" म्हणून पाया पडतात. मला याची चीड येते. अशा व्यक्तीत अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. "लगीन लावून द्या, सुधरते" हेही तितकंच खोटं. लग्नानं गुणसूत्र बदलत नाही आणि मेंदूच्या टॉनिकच्या बाटलीनंही नाही.

अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटते आणि बहुतेक पोरं ओसरीवर येऊन बसतात. तालुक्याच्या गावी कार्यशाळा असली तरी रोज एसटीनं नेणार कोण? म्हणून शिकवणं ओसरीवरच व्हायला हवं, आणि ते आजीला जमतं.

मी परत गेलो तेव्हा शेवटची सहा पावलं त्याची झाली होती. काडी मोडताना तो जीभ दातांत धरतो. कडक वाळलेलं पानही तो ओला हात न लावता तसंच टोचतो आणि ते चिरतं. आजीनं आता एक लवचीक पान नमुना म्हणून सुपात ठेवलंय. दर पान तो त्याच्याशेजारी धरतो, वाकवून पाहतो, आणि आजी गप्प राहते.