मिनजीडब्ल्यू : विंडोजवरचा जीसीसी कंपायलर

विंडोजवर सी भाषेतले प्रोग्रॅम जीसीसी या फुकट आणि खुल्या कंपायलरने (लिहिलेला कोड चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलणाऱ्या साधनाने) कंपाइल करता यावेत म्हणून जो संच वापरतात त्याला मिनजीडब्ल्यू म्हणतात. विंडोजसोबत सी कंपायलर येतच नाही, तो वेगळा टाकावा लागतो, आणि जीसीसी वाढला युनिक्सकडे, त्यामुळे नुसता कंपायलर आणून भागत नाही, विंडोजच्या हेडर फाइल्स (फंक्शनांची माहिती देणाऱ्या), लिंकर (तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा), सी लायब्ररीला जोडणारा भाग असं सगळं सोबत लागतं. नेमकं बोलायचं तर मिनजीडब्ल्यू म्हणजे हेडर आणि जोडणीचा भाग एवढंच, पण रोजच्या बोलण्यात अख्ख्या संचालाच ते नाव पडलंय.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. सिगविन हा प्रकल्प सिग्नस कंपनीत १९९५ च्या सुमारास सुरू झाला, त्यात युनिक्सचे प्रोग्रॅम एका मधल्या डीएलएल फाइलच्या (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्ररीच्या) आधाराने विंडोजवर चालतात, आणि मिनजीडब्ल्यू हा त्याचाच फाटा असं बरेच जण लिहितात. याला आधार आहे, कारण कॉलिन पीटर्सने १९९८ मध्ये जी पहिली आवृत्ती काढली ती सिगविनच्याच जीसीसीवर उभी होती. पण पुढे यान-याप व्हान डर हायडन याने जीसीसी थेट विंडोजवर चालेल असा केला, म्हणजे तयार होणाऱ्या एक्झी फाइलला सिगविनची डीएलएल लागेना, आणि मिनजीडब्ल्यूची खरी ओळख इथूनच धरणं जास्त पटतं. नंतर मुमित खानने काम सांभाळलं.

६४-बिट शाखेचंही असंच. मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ ची सुरुवात कुणी २००५ ची देतं, कुणी २००७ ची. कामाला हात २००५ च्या आसपास लागला आणि वेगळी शाखा म्हणून ती २००७ पासून दिसायला लागली, असं धरलं तर दोन्ही साल जुळतात. काई टीट्झ आणि सोबत्यांचं हे काम मूळ प्रकल्पाने घेतलं नाही, उघड नसलेल्या कागदपत्रांतून माहिती घेतली असावी अशी शंका होती म्हणे. आज वापरायची ती हीच शाखा, जुन्या ३२-बिट मिनजीडब्ल्यूच्या नादी लागू नये.

टाकायचा सोपा रस्ता म्हणजे एमसिस२, विंडोजवर अशी साधनं उतरवून देणारा संच. हा सी ड्राइव्हमध्ये एमसिस६४ नावाच्या फोल्डरात बसतो आणि आर्च लिनक्सवरून घेतलेल्या पॅकमॅन या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने जीसीसीचं पॅकेज उतरवता येतं. फोल्डरचा पत्ता छोटा, इंग्रजी अक्षरांतला आणि स्पेस नसलेला हवा, म्हणजे ज्यांनी विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत ठेवलंय त्यांनी युजरच्या फोल्डरात तो टाकूच नये. मग एमसिस६४ मधल्या यूसीआरटी६४ फोल्डरातल्या बिन फोल्डरचा पत्ता पाथ व्हेरिएबलमध्ये (विंडोज प्रोग्रॅम कुठे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचा आणि टर्मिनल बंद करून नव्याने उघडायचं, जुन्या खिडकीला बदल कळत नाही. पाथ वाढवायला सेटएक्स कमांड वापरू नका, ती १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकते आणि आधीच्या नोंदी जातात. आणखी एक, पर्ल भाषेच्या स्ट्रॉबेरी पर्ल सारख्या पॅकेजसोबतही जीसीसी येतो, आणि पाथमध्ये जो आधी सापडेल तोच चालतो.

सगळ्यात कमी लिहिलं जातं आणि सगळ्यात जास्त नडतं ते रनटाइमबद्दल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या सी लायब्ररीबद्दल. जुने संच एमएसव्हीसीआरटी या जुन्या डीएलएलवर उभे होते, नवे यूसीआरटीवर, जी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ सोबत आली आणि विंडोज १० पासून सिस्टिममध्येच असते. जीसीसी लाँग डबल (मोठा दशांश आकडा ठेवायचा प्रकार) ८० बिटांचा धरतो, मायक्रोसॉफ्टची लायब्ररी ६४ बिटांचा, म्हणून जुन्या संचात प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनने लाँग डबल छापला की भलताच आकडा यायचा, आणि प्रोग्रॅममध्ये चूक नसताना विद्यार्थी तास तास चूक शोधत बसायचे. मिनजीडब्ल्यूने स्वतःचं प्रिंटएफ देऊन यावर उपाय केला. लाँग इंट मात्र ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचाच राहतो, लिनक्सवर तो ८ चा.

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत सी शिकवायला वर्षानुवर्षं बोरलँडचा टर्बो सी होता. तो १६-बिट, ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाही, मग डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवायचा. तिथून इकडे येताना इंट २ चा ४ बाइट होतो, स्क्रीन पुसायचं क्लिअरस्क्रीन फंक्शन आणि ग्राफिक्सची हेडर फाइल मिळत नाही, एक कळ वाचणारं गेटसीएच मात्र आहे.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कंपायलर व्हिज्युअल स्टुडिओच्या बिल्ड टूल्समधून मिळतो, तो डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमधून चालवायचा. एआरएम प्रोसेसरच्या विंडोजसाठी एमसिस२ मध्ये क्लँग कंपायलरवरचा वेगळा संच आहे.