ओपेथ ऐकायचंय? सीडी उचलण्याआधी हे वाचा

मालवणच्या आमच्या दुकानात हेवी मेटल संगीताच्या कप्प्यापुढे हमखास येणारा प्रश्न: "ओपेथची कुठली नेऊ?" स्टॉकहोमच्या या बँडचे १९९५ ते २०२४ या काळात १४ स्टुडिओ अल्बम आले. पहिलाच चुकीचा लागला तर बाकीचे तेरा आमच्याकडेच धूळ खातात, म्हणून हा कागद.

गेल्या पावसात एक काका 'ब्लॅकवॉटर पार्क' दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. "स्पीकर फाटलो काय वो?" स्पीकर ठणठणीत होता. तो गायकाचा आवाज. मिकाएल ओकरफेल्ट घशातून गुरगुरतो (याला ग्राउल म्हणतात) आणि त्याच गाण्यात थोड्या वेळाने मऊ, स्वच्छ गळ्याने गातो. दशावतारात एकाच नटाने राक्षसपार्टही करावा आणि राजपार्टही, तसं. काकांना आम्ही 'डॅमनेशन' दिला. तो अजून परत आलेला नाही.

'डॅमनेशन' (२००३) मध्ये ग्राउल अजिबात नाही. साधी गिटार, मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा जुना कीबोर्ड) आणि पावसाळी संध्याकाळ. गंमत म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण 'डिलिव्हरन्स' (२००२) या अत्यंत जड अल्बमच्या बरोबरीनेच झालं. दोन्ही लागोपाठ ऐकलेत तर बँडचा स्वभाव कळेल.

त्यानंतर 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) घ्या. निर्मितीत 'पॉर्क्युपाइन ट्री' या ब्रिटिश बँडचा स्टीव्हन विल्सन सोबत होता आणि वाद्यं इतकी सुटी, स्वच्छ ऐकू येतात की आम्ही स्पीकर तपासायला हाच लावतो. शीर्षकगीत बारा मिनिटांचं आहे. घाई असेल तर लावू नका.

'ऑर्किड' (१९९५) आणि 'मॉर्निंगराइज' (१९९६) नंतरसाठी ठेवा. दुसऱ्यात पाचच गाणी, त्यातलं एक वीस मिनिटांचं. एकाला एक तुकडे जोडल्यासारखं वाटतं. 'माय आर्म्स, युवर हर्स' (१९९८) मध्ये मात्र वीण घट्ट झाली: एका गाण्याचे शेवटचे शब्द म्हणजे पुढच्या गाण्याचं नाव. आपल्या अंताक्षरीची आठवण येतेच. 'स्टिल लाइफ' (१९९९) मध्ये गावाने हाकलून दिलेला माणूस वर्षांनी परत येतो. 'घोस्ट रेव्हरीज' (२००५) आणि 'वॉटरशेड' (२००८) आवडतीलच, त्यावर शाई खर्च करत नाही.

खरा वाद २०११ च्या 'हेरिटेज'वरून. ग्राउल गेला, सत्तरच्या दशकातल्या रॉकचा वास आला आणि जुनी गिऱ्हाइकं आमच्यावरच रागावली, जणू अल्बम आम्हीच केला होता. पुढचे तीन अल्बमही तसेच. आमच्या मते या चारांत 'इन कॉडा व्हेनेनम' (२०१९) सरस. तो स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, स्वीडिश घ्या. अर्थ कळला नाही तरी शब्द सुरांत नीट बसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला आणि ग्राउलही परतला. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, श्रीमंत बाप वारलेला आणि पोरांसमोर मृत्युपत्राचं वाचन. पहिल्या सात गाण्यांना नावं नाहीत, कलमांचे नुसते क्रमांक आहेत. सातबाऱ्यावरच्या नावांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कोकणी माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. 'जेथ्रो टल' या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन यात बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो.

घरी ऐकताना बास वाढवू नका, हळू भागांची वाट लागते. हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवलात, तर पुढे धडाका येतो आणि शेजारी येतात.

एलपी नेणाऱ्यांसाठी: इथली हवा खारी आणि दमट, कव्हरला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुसताना मऊ फडकं खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही.

कुठलीही सीडी आठवडाभर घरी नेऊन ऐका, पटली तर पैसे द्या. पावसात परत आणताना पिशवीला गाठ मारायला विसरू नका.