ई-पुस्तकांचे सदिश रूपांतर

ई-पुस्तकाची पाने ठिपक्यांच्या चित्राऐवजी गणिती वक्रांत मांडून ई-रीडरवर वाचण्याजोगी करण्याची पद्धत. सदिश म्हणजेच व्हेक्टर चित्रात अक्षराची कड समीकरणाने नोंदलेली असते. त्यामुळे तेच पान १६७ ठिपके प्रतिइंच असलेल्या जुन्या पडद्यावर आणि ३०० ठिपक्यांच्या नव्या पडद्यावरही त्या त्या पडद्याच्या पूर्ण क्षमतेने उमटते.

यातील ‘बेझिए वक्रां’च्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. रेनो मोटार कंपनीतील प्येर बेझिए यांनी ते १९६० च्या दशकात प्रसिद्धीस आणले, म्हणून त्यांचे नाव रूढ झाले. सिट्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो यांनी मात्र साधारणतः १९५९ पासून तीच रचना वेगळ्या रीतीने सिद्ध केली होती. कंपनीच्या गुप्ततेमुळे ती उशिरा उजेडात आली. कालक्रम पाहता अग्रमान कास्तेल्जो यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. दोघांच्याही मुळाशी असलेल्या बहुपदी (चलाच्या घातांची बेरीज असलेल्या राशी) सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये मांडल्या होत्या. पोस्टस्क्रिप्ट या छपाईसाठीच्या पानवर्णन-भाषेने (१९८४) त्रिघाती, तर ट्रूटाइप या अक्षरसंचाच्या स्वरूपाने (१९९१) द्विघाती वक्र स्वीकारले. द्विघाती वक्र त्रिघातीत तंतोतंत बदलता येतो. उलट दिशेने बहुधा केवळ सन्निकट.

संगणकावर जुळवलेल्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या कडा आधीच वक्ररूपात असतात. त्या एसव्हीजीत, म्हणजे सदिश चित्रांच्या फाइल-स्वरूपात, उतरवणे सोपे असते. ईपब ३ (२०११) या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपामध्ये एसव्हीजी पान थेट वाचनक्रमात ठेवता येते. स्कॅन केलेल्या पानाचे मात्र आधी काळे-पांढरे पृथक्करण करून कडा शोधाव्या लागतात आणि त्यांवर वक्र बसवावे लागतात. पीटर सेलिंजर यांची पोट्रेस ही आज्ञावली (२००१) यासाठी प्रसिद्ध आहे.

देवनागरीत हे काम विशेष नाजूक आहे. रोमन लिपीत सुटे अक्षर एकदा रेखून पुनःपुन्हा वापरता येते आणि फाइल लहान राहते; शिरोरेषेने जोडलेला मराठी शब्द मात्र सलग एकच आकृती म्हणून सापडतो, आणि ही बचत फारशी होत नाही. शिरोरेषेतील फट शाईने बुजली की ‘धार’ची ‘घार’ आणि ‘भार’चा ‘मार’ होतो. पानावरचे डाग काढणारी मर्यादा (ज्याहून लहान ठिपका डाग मानून पुसला जातो ते माप) वाढवली, तर अनुस्वारही डाग समजून पुसला जातो आणि ‘त्यांनी’चे ‘त्यानी’ उरते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या, ‘केलें’, ‘घरें’ असे अनुस्वार जपणाऱ्या ग्रंथांना हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून अशा पानांसाठी डागांची मर्यादा सर्वांत लहान टिंबापेक्षा कमीच ठेवावी.

अशा रूपांतरात उरतो तो अक्षराचा आकार. अक्षर म्हणून त्याची ओळख नाहीशी होते. शब्द शोधणे, शब्दकोश पाहणे, अक्षर मोठे करून ओळी नव्याने जुळवणे ही ई-रीडरची मुख्य सोय त्यामुळे जाते; फार तर आकृतीखाली अदृश्य मजकुराचा थर ठेवून शोध साधतो. गद्य ग्रंथांसाठी युनिकोड मजकूरच (ज्यात प्रत्येक अक्षर संकेतांकाने नोंदलेले असते) श्रेयस्कर; नकाशे, गणिती सूत्रे आणि हस्तलिखित पोथ्या यांसाठी सदिश पान उपयोगी पडते.